मुक्त ज्ञान आणि ग्रामशिक्षक



विद्या हे दिल्याने वाढणारे धन होय, ही समजूत जुनी आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे तिचेच आजचे रूप. तो कोणीही विनामूल्य वाचावा व कोणीही त्यात भर घालावी, असा त्याचा परिपाठ आहे. लिहिणाऱ्यास मानधन नाही. तरीही ग्रामशिक्षकाने या कामात का पडावे? कारण शाळेच्या गावाची माहिती त्याच्याइतकी जवळून फार थोड्यांना असते.

परंतु पहिली अडचणही येथेच येते. गावाच्या नावाची कथा वृद्ध मंडळी सांगतात आणि शिक्षक ती मोठ्या हौसेने लिहू पाहतो. विकिपीडियावर मात्र प्रकाशित, पडताळता येईल असा आधार मागतात; तो नसेल तर मजकूर वगळला जाऊ शकतो. यात शिक्षकाचा अवमान नाही. दूरच्या वाचकास गावी येऊन खात्री करून घेता येत नाही. त्याचा विश्वास आधारावरच उभा असतो. म्हणून लोकसंख्या जनगणनेतून व इतिहास जिल्हा गॅझेटिअरमधून घ्यावा आणि मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहावा. वृद्धांची कथाही टाकून देऊ नये. सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून ती शाळेच्या वहीत उतरून ठेवावी. गावच्या बारवेचे वा वृक्षाचे स्वतः काढलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवर देता येते. मात्र हे दान परत घेता येत नाही, आणि ते कोणीही, व्यापारासाठीसुद्धा, वापरू शकतो. म्हणून त्यात मुलांचे चेहरे नसावेत.

ज्ञानदानाची दुसरी वाट शाळेच्या अंगणातूनच जाते. सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य ठीक माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्याच्या आसपास हा योग मेच्या मध्यास, दुपारी साडेबाराच्या सुमारास येतो. पूर्वेकडे वेळ थोडी अलीकडे असते. दुसरा योग पावसाळ्यात येत असल्याने बहुधा ढगांआड जातो. मे महिन्यात शाळेस सुटी असते. तेव्हा जो शिक्षक मुलांस व गावकऱ्यांस अंगणात जमवील, तोच खरा स्वयंसेवक.

त्यासाठी खर्च नाही. ओळंब्याने काठी सरळ उभी करावी. आधी चार दिवस मध्यान्हीची सावली मुलांकडून मोजून घ्यावी. ती रोज आखूड होत जाते हे मुलांनी पाहावे, आणि सूर्याकडे कोणीही पाहू नये. ढग आले तर ‘दिसले नाही’ असेच वहीत लिहावे. अंदाजाने आकडा भरू नये.

सावली नाहीशी झाली, हे गुरुजी म्हणतात म्हणून मुलाने मानावयाचे नाही. त्याने ते स्वतः पाहावयाचे आहे. जवळच्यास प्रत्यक्ष आणि दूरच्यास आधार, एवढी शिस्त ज्या शाळेत रुजेल, त्या शाळेतून गेलेली माहिती कोणीही निर्धास्तपणे वापरावी.