डोंगरवाटेची गाडी आणि तिचे टायर

गाडी घेणारा मनुष्य इंजिनाची शक्ती विचारतो, आसने किती ते विचारतो, रंगाविषयी तर घरातील सर्वांचे मत घेतो. टायरची चौकशी मात्र पहिले पंक्चर होईपर्यंत त्याच्या मनात येत नाही. वस्तुतः दोन टन वजनाचे ते धूड जमिनीला टेकलेले असते ते केवळ चार तळहातांएवढ्या जागेवर. वळणे, थांबणे, चढणे हे सारे व्यवहार त्या चार तळहातांच्या भरवशावर चालतात.

हा विचार शहरातील मोटारीपेक्षा दुर्गम भागात जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत अधिक निकडीचा ठरतो. भामरागडच्या बाजूला पर्लकोटेला पूर आला असता, लडाखच्या खिंडीत संध्याकाळ होत असता किंवा मतदानयंत्रे घेऊन शेवटच्या पाड्यावर पोचावयाचे असता गाडी अडली, तर ती गैरसोय राहत नाही. आत एखादी अडलेली बाळंतीण असेल, तर प्रश्न तासांचा असतो.

१९४१ पासून अमेरिकेत युद्धासाठी जी विलीस जीप तयार होऊ लागली, तिच्या टायरची नक्षी दोन्ही दिशांनी सारखीच होती. कोणताही टायर कोणत्याही बाजूस चढविता यावा, एवढाच त्यामागील व्यावहारिक हेतू. पुढे जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६९ ते १९९९ या काळात लष्करासाठी जोंगा तयार झाली. आज तहसील कचेरीच्या आवारात बहुधा बोलेरो उभी दिसते. गाड्या बदलल्या, टायरमधील हवेचे शास्त्र मात्र तेच राहिले.

हवा मोजावयाची ती गाडी चालण्यापूर्वी, टायर थंड असताना. तापलेल्या टायरमध्ये काटा तीन-चार पौंड अधिक दाखवितो आणि चालक समाधानाने पुढे जातो. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दबतात व सुटतात. त्या वाकण्याने उष्णता वाढते, आतील धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि एखाद्या दुपारी, गाडी भरधाव असताना, टायर फुटतो. लोक दोष उन्हाला देतात. खरे कारण टायरच्या अंगावर आधीच लिहिलेले असते: दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर ती अधिक होती. किती हवा भरावी हे दाराजवळच्या खांबावरील पट्टीवर पाहावे. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तोच योग्य समजून भरणारे चालक थोडे नाहीत.

जैसलमेरच्या वाळूत हवा मुद्दाम उतरवितात, कारण टेकण्याची जागा लांबते आणि चाक रुतत नाही. पण डांबरी रस्ता लागताच ती पुन्हा भरली पाहिजे. तेव्हा पंप गाडीतच हवा. लडाखात याच्या उलट गंमत होते. पाच हजार मीटर उंचीवर बाहेरच्या वातावरणाचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यामुळे टायरमध्ये एक थेंबही हवा न भरता काटा सहा-सात पौंड वर चढतो. थंडी त्यातील काही भाग परत घेते. हा चढलेला काटा पाहून एखादा चालक माथ्यावर हवा सोडतो आणि तसाच खाली उतरू लागतो. जितके खाली यावे तितके टायर मऊ होतात, आणि तेही नेमके भरल्या गाडीने उतारावरची वळणे घेताना.

टायरच्या अंगावरील अक्षरे वाचता येणे हे चालकाचे अर्धे शिक्षण आहे. २१५/७५ आर १५ १०० एस असे लिहिले असेल, तर रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, ठेवण रेडियल, रिमचा व्यास १५ इंच, एका टायरची भारक्षमता ८०० किलो आणि वेगाची मर्यादा ताशी १८० किलोमीटर. जवळच चार आकडी खूण असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीच्या बाबतीत ही खूण विशेष पाहावी. गाडीच्या पोटाखाली वर्षानुवर्षे टांगलेली ती स्टेपनी नक्षीने नवी दिसते, पण तिचे रबर कडक होऊन तडकलेले असते.

निवडीसंबंधी एक मत स्पष्ट मांडले पाहिजे. खोल खाचांचे, चिखलासाठी केलेले टायर गाडीला रुबाब देतात. परंतु जी गाडी दहा दिवसांपैकी नऊ दिवस डांबरावर धावते, तिला ते लावणे ही हौस झाली. ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते, थांबण्यास अंतर अधिक लागते आणि त्यांची घरघर प्रवासभर ऐकावी लागते. मिश्र रस्त्यांसाठी केलेले टायर दोन घरच्या पाहुण्यासारखे उपाशी राहतील अशी शंका घेतली जाते, ती बहुतेक ठिकाणी खोटी ठरते. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद होतो; घाटातील पावसासाठी मात्र त्या मर्यादेची वाट पाहू नये.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत टायरचे माप एक, झीजही जवळपास एक असावी लागते. नव्या-जुन्याची जोडी लावून कोरड्या, कठीण रस्त्यावर चारही चाके जोडली, तर पुढचा व मागचा आस एकमेकांशी झगडतात आणि तो ताण गिअरपेटीवर पडतो.

बाकीची निगा रोजची आहे. गाडी सपाटीवर उभी करून तेल पाहणे, डिझेलच्या गाळणीत साठलेले पाणी काढणे, हवेची गाळणी झटकणे, पाट्यांना आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस देणे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते; लांब उतारावर ते तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. लडाखच्या हिवाळ्यात साध्या डिझेलातील मेण साखळून गाळणी तुंबे. उणे ३३ अंशांपर्यंत चालणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने तेथे २०१९ मध्ये आणले.

नदी ओलांडल्यानंतरची तपासणी सर्वाधिक टाळली जाते. चालून तापलेला आस गार पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि श्वासनळी किंवा सील यांतून पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा बूच सैल करून पाहिला आणि तेल ताकासारखे पांढुरके निघाले, तर ते तत्काळ बदलावे लागते. नाहीतर दाते महिन्या-दोन महिन्यांत बोलू लागतात. त्याच वेळी, वाटेत चाक बदललेले असेल तर त्याचे नट पुन्हा आवळून पाहावेत. कच्च्या रस्त्यावर ते पन्नास किलोमीटरांतही सैल झालेले आढळतात.