डेटाबेस बिघडला? आधी हात थांबवा



कंपन्यांचे डेटाबेस सांभाळणं हे माझं रोजचं काम. आज मात्र मी बोलणार आहे ते आपल्या मंडळाच्या लॅपटॉपबद्दल आणि माझ्याच एका चुकीबद्दल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीला चार दिवस उरले होते. रात्री खजिनदार काकांचा फोन आला, "अरे, सभासदांची यादी उघडत नाहीये. डेटाबेस करप्ट झालाय म्हणतंय." मी लगेच गेलो. स्क्रीनवर दुरुस्तीचं बटण होतं. म्हटलं, पाच मिनिटांचं काम! बटण दाबलं, यादी उघडली, काकूंनी चहा केला, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी कळलं, की जुन्या सभासदांच्या बऱ्याच नोंदी गेल्या आहेत. त्यांतले काहीजण आता हयातही नाहीत. कोण कुठल्या गावाहून आलं, कुठल्या साली आलं, सगळं त्या यादीत होतं. मूळ फाइलची प्रत मी काढली नव्हती. पेनड्राइव्हवर बॅकअप होता, पण काकांनी शिस्तीने त्याच संध्याकाळी बिघडलेली फाइल त्याच्यावर चढवली होती. पुढे जुन्या स्मरणिका चाळून काही नावं परत भरली. सगळी मिळाली नाहीत.

हे असं का झालं? डेटाबेसमधली माहिती वहीसारखी पानापानांत साठवलेली असते. एखादं पान वाचता येईनासं झालं, की दुरुस्तीचा प्रोग्राम बऱ्याचदा ते पान फाडून टाकतो आणि उरलेली वही उघडून देतो. वही उघडणं हे त्याचं काम. तुमची नोंद वाचवणं नाही. एसक्यूएल सर्व्हरमधल्या अशा एका पर्यायाच्या नावातच 'अलाउ डेटा लॉस' असे शब्द आहेत. मायएसक्यूएलमध्ये सक्तीच्या रिकव्हरीच्या १ ते ६ पायऱ्या आहेत. ४ किंवा त्यापुढे गेलात तर फाइल कायमची बिघडू शकते.

हाड मोडलं तर आपण ते चोळत बसत नाही, आधी फळी बांधतो. इथेही तसंच करायचं.

पहिलं, सगळ्यांना थांबवा. नवी नोंद नको, पावती नको. प्रोग्राम बंद करा. बिघडलेल्या फाइलमध्ये लिहीत राहिलात, तर बुडत्याचा पाय खोलात.

दुसरं, आपोआप होणारा बॅकअप आणि क्लाउडचं सिंक बंद करा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथला बिघाड ते इमानदारीने तिकडेही पोचवतं.

तिसरं, फाइलची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. शेजारी त्याच नावाच्या छोट्या फाइली दिसल्या, तर कचरा समजून पुसू नका. एसक्यूलाइटमध्ये अर्धवट राहिलेला व्यवहार सावरण्याची माहिती अशाच जर्नल फाइलमध्ये असते.

चौथं, स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढा. आणि दुरुस्ती करायची ती फक्त प्रतीवर. मूळ फाइलला हात नाही.

घाई मोठमोठ्यांना भोवते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीत डेटाबेसची एक अडचण सोडवताना एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला. बॅकअप पाहायला गेले, तर रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता, आणि त्याचा पत्ता कोणालाच नव्हता. सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावलं. तरी मधल्या ६ तासांचा डेटा गेलाच.

म्हणून आज रात्री एवढंच करा. मंडळाची यादी असो, दुकानाचा हिशेब असो, जो बॅकअप आहे असं तुम्ही समजता, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला तरच तो बॅकअप.

काका अजूनही मला फोन करतात. हल्ली फोनवर पहिलं वाक्य त्यांचंच असतं, "मी कशालाही हात लावलेला नाही, तू प्रत काढायला ये."