भोक नेमकं जागेवर

बिजागरीचं भोक दोन मिलिमीटर सरकलं, तरी दार अडकतं. म्हणून गुण्या लावून दोन बारीक रेघा एकमेकींना छेदतील अशा आखा. त्या छेदावर टोच्याने खळगी करा. पेन्सिलीची खूण डोळ्यांसाठी, खळगी मात्र बिटासाठी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि चूक तिथंच होते.

सागवानाच्या रेषा पाहा. मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात. धातूसाठीचा साधा बिट कठीण पट्ट्यावरून घसरतो आणि मऊ भागाकडे ओढला जातो. लाकडासाठीच्या बिटाला मधोमध अणकुचीदार टोक असतं, ते खळगीत रुतून बसतं. मशीन बंद असतानाच टोक टेकवा, मग हळू सुरू करा. मोठं भोक हवं असेल तर आधी टोकाच्या या बिटानं नव्हे, तर दोन-तीन मिलिमीटरच्या साध्या बिटानं वाट काढा. मोठा साधा बिट त्याच वाटेनं जातो. शेजारी गुण्या उभा ठेवला की तिरकेपणा लगेच दिसतो.

आरपार भोक पाडताना खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून धरा, म्हणजे मागच्या बाजूच्या ढलप्या निघत नाहीत.