अंग बाहेर येणे आणि कर्करोग



आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, असे काहींना वाटेल. परंतु तो कोणी काढत नाही, म्हणूनच कित्येक वृद्ध भगिनी आम्हां डॉक्टरांकडे फार उशिरा येतात.

पुष्कळ बाळंतपणे झालेल्या, जन्मभर ओझी वाहिलेल्या स्त्रीच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. गर्भाशय खाली सरकते आणि योनिमार्ग उलटून बाहेर येतो. यालाच आपण ‘अंग बाहेर येणे’ म्हणतो. बाहेर आलेला भाग कपड्याला घासतो, कोरडा पडतो, आणि त्यावर व्रण होतो. बहुतेक व्रण साधे असतात. अंग आत बसवून औषधाची पट्टी ठेवली की ते भरून येतात. क्वचित मात्र त्याच जागी योनिमार्गाचा कर्करोग असतो. स्त्रीच्या जननेंद्रियांच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा १ ते २ इतकेच. पण नुसत्या डोळ्यांना दोन्ही व्रण सारखे दिसू शकतात. म्हणून जो व्रण भरत नाही, ज्याची कड कठीण लागते, ज्यातून रक्त येते, त्याचा लहानसा तुकडा काढून तपासलाच पाहिजे.

‘आधी अंग वर बसवण्याची शस्त्रक्रिया उरकू, मग पाहू,’ असे कोणी म्हणेल. हा क्रम घातक आहे. साध्या शस्त्रक्रियेत रोगाभोवतीचा भाग पुरेसा निघत नाही, आणि रोग मागे राहू शकतो.

आता उपचार. या कर्करोगावर एरवी मुख्य भर किरणांवर असतो. ते बाहेरून देतात, तसेच किरणोत्सर्गी द्रव्य आत ठेवूनही देतात. येथे अडचण अशी, की रोगाची जागाच स्थिर राहत नाही. अंग उतरले की मूत्राशय, कधी आतडेही, खाली येते आणि किरण नको तेथे लागतात. म्हणून अंग आत बसवून, रिंग किंवा पट्टी घालून, दरवेळी त्याच ठिकाणी धरावे लागते. रोग लहान, योनीच्या भिंतीपुरता असेल आणि प्रकृती झेपण्यासारखी असेल, तर गर्भाशय व रोगट योनिमार्ग एकत्र काढता येतात. मग दोन्ही दुखण्यांचा इलाज एकदमच होतो. रोग योनीच्या खालच्या भागात असल्यास जांघेतील गाठीही पाहाव्या लागतात. असे रुग्ण थोडे, त्यामुळे सर्वांना लागू पडणारा ठरीव नियम नाही. शस्त्रवैद्य आणि किरणोपचार करणारे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून प्रत्येकीपुरता निर्णय घ्यावा, हेच योग्य.

ज्यांनी रिंग बसवून घेतली आहे, त्यांनी ती वर्षानुवर्षे विसरू नये. ठरल्या वेळी काढून, आतला भाग तपासून घ्यावा.

श्रोतेहो, पोटातला कर्करोग दिसत नाही. हा तर शरीराबाहेर, हाताला लागेल असा असतो. एवढी सवलत लाजेपायी घालवू नये. घरातली आजी बसताना अवघडत असेल, कपड्यावर डाग दिसत असेल, तर लेकीने वा सुनेने हळूच विचारावे, आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्यावे.