रविवारचा विजेता

उद्या काय होणार हे आज कळावे, ही माणसाची हौस फार जुनी आहे. पंचांग, कुंडली आणि पावसाची नक्षत्रे ही या हौसेचीच अपत्ये. निवडणुकीचे अंदाज आणि बाजारभावांची भाकिते ही त्यांची आजची भावंडे होत. परंतु सर्व भाकिते एका मापाची नसतात. काही भाकिते घड्याळासारखी बिनचूक ठरतात, काही दोन दिवसांपुरती खरी असतात. आणि काहींच्या बाबतीत तज्ज्ञाने देखील 'बहुधा नाही' एवढेच म्हणावे अशी स्थिती असते. हा भेद ध्यानात न आल्याने शहाणी माणसेही फसतात. त्याचाच आज थोडा विचार करू, आणि उदाहरणासाठी एक काहीसा परका वाटणारा खेळ घेऊ. तो खेळ म्हणजे गोल्फ.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझा मुक्काम सध्या वाराणसीत आहे. सायंकाळी कचेरी सुटली की पुष्कळदा माझी पावले भोसले घाटाकडे वळतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांनी हा घाट बांधला. वरच्या अंगास लक्ष्मीनारायणाचे देऊळ, जवळच यमेश्वर आणि यमादित्य यांची स्थाने, आणि एका हाकेवर शिंद्यांचा घाट. स्वतःच्याच भाराने नदीत खचलेल्या या शिंदे घाटाच्या डागडुजीत बैजाबाईंचा हात होता. पलीकडे मणिकर्णिका, जिथे अहल्याबाईंची आठवण आजही निघते. महाराष्ट्रापासून एवढ्या दूर, मराठी नावांच्या या दगडी पायऱ्यांवर बसले की परक्या गावी असल्याची भावना काहीशी मावळते. यमराजाच्या शेजारी बसून भविष्याची चर्चा करण्यात थोडी गंमतही आहे. कारण कधीही न चुकणारे एकमेव भाकीत त्याच्याच दप्तरी आहे!

या पायऱ्यांवर आमची एक छोटी बैठक जमते. तिच्यात दुर्गाघाटाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातला तरुण आहे. त्याला गोल्फचा नाद आहे. खेळण्याचा नव्हे, तशी सोय सर्वांना कुठली? नाद आहे तो खेळाच्या मागावर राहण्याचा. अमेरिकेत, युरोपात, आशियात जवळजवळ दर आठवड्याला व्यावसायिक खेळाडूंची एखादी स्पर्धा चालते. ती गुरुवारी सुरू होऊन रविवारी संपते. दर बुधवारी हा तरुण आपल्या वहीत संभाव्य विजेत्यांची नावे लिहितो आणि मला विचारतो, "काका, तुम्हाला कोण वाटतो?" मी म्हणतो, "अरे, तूच सांग. मी फार तर यमादित्याला कौल लावीन."

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लहानपणी गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करीत असू. तशीच एक गल तीनचारशे यार्डांवर आहे अशी कल्पना करावी. मध्ये झाडी, वाळूचे खड्डे, तळी असा सारा प्रदेश. लहानसा चेंडू काठीने टोलवीत कमीत कमी फटक्यांत त्या गलीत पोचवावयाचा. अशा अठरा गली मिळून एक फेरी होते, आणि चार दिवसांच्या चार फेऱ्या मिळून बहात्तर. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना रजा मिळते. उरलेल्यांत ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजयी. आपल्याकडे हा खेळ साहेबाबरोबर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. पुण्यात येरवड्याला पूना क्लबाचे मैदान आहे. नाशिकात तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून गोल्फ क्लबच म्हणतात, जरी तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कुणाच्याही हाती गोल्फची काठी नसते.

आता विजेता ओळखण्याच्या प्रश्नाकडे वळू. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती लागते तेव्हा आखाड्यात दोनच मल्ल असतात. डोळे मिटून एकाचे नाव घेतले तरी निम्म्या वेळा ते खरे ठरावे. गोल्फमध्ये एका वेळी दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात, आणि सर्वांची कुस्ती सर्वांशी असते. उत्तम खेळाडू साधारण खेळाडूहून एका फेरीत सुमारे दोन फटक्यांनी सरस असतो, म्हणजे चार दिवसांत आठ फटक्यांनी. हे अंतर मोठे वाटते. परंतु कोणत्याही खेळाडूच्या स्वतःच्याच खेळात रोज तीनेक फटक्यांचा चढउतार असतो. चार दिवसांचे चढउतार काही अंशी एकमेकांना खातात, तरी बेरजेत सहा फटक्यांचे मागेपुढे होणे ही अगदी नेहमीची गोष्ट राहते. दीडशे माणसांत एखाद्याला चारही दिवस चांगले लाभणारच. आणि असा एखादा त्या आठवड्यापुरता आपल्या नित्याच्या खेळाहून चौदापंधरा फटक्यांनी पुढे जातो. म्हणून श्रेष्ठ खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू नसतो. त्या आठवड्यात ज्याचे दैव उघडले आहे तो अनोळखी खेळाडू असतो, आणि त्याचे नाव बुधवारी कुणालाच ठाऊक नसते.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. टायगर वुड्सने अमेरिकेच्या मुख्य मालिकेत ८२ स्पर्धा जिंकल्या. या खेळात त्याच्याएवढा दरारा क्वचितच कुणाचा झाला असेल. तरी त्याच्या विजयांचे प्रमाण शंभरात बावीसतेवीसच्या आसपास भरते. जॅक निक्लॉसचे ७३ विजय, आणि प्रमाण शंभरात सुमारे बारा. म्हणजे युगपुरुषावर भरवसा ठेवणाराही चारपैकी तीन वेळा चुकणार! २००९ च्या पी. जी. ए. अजिंक्यपद स्पर्धेत वुड्स शेवटच्या दिवशी आघाडीवर होता. तोवर मोठ्या स्पर्धेत अशा स्थितीतून तो कधीच हरला नव्हता. त्या दिवशी त्याला कोरियाच्या यांग योंग-उनने हरविले. २०१० साली भारताच्या अर्जुन अटवालने विंडम अजिंक्यपद जिंकले. अमेरिकेच्या मालिकेत विजयी झालेला तो पहिला भारतीय. त्या स्पर्धेत त्याला थेट प्रवेशही नव्हता. सोमवारच्या पात्रता फेरीतून तो आत आला. ज्याने आधीच्या शनिवारी आपली यादी पक्की केली असेल त्याच्या यादीत विजेत्याचे नाव असणेच शक्य नव्हते.

टोकियोच्या ऑलिंपिकचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. ही स्पर्धा २०२१ साली झाली. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतल्यामुळे आपल्या उदयन मानेला ऐनवेळी प्रवेश मिळाला, आणि साठ जणांत तो छप्पन्नावा आला. त्याच स्पर्धेत स्लोव्हाकियाकडून खेळणाऱ्या, जागतिक क्रमवारीत दोनशेच्याही मागे असलेल्या रोरी सबातिनीने शेवटच्या दिवशी ६१ फटक्यांत फेरी पुरी करून रौप्यपदक नेले. महिलांमध्ये अदिती अशोकचाही क्रमांक दोनशेच्या आसपास होता. तिचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. मानेचा छप्पन्नावा क्रमांक पाहून कुणी त्याला हिणवील, आणि अदितीचा चौथा पाहून कुणी तिला डोक्यावर घेईल. पण चार दिवसांच्या तागडीत एका खेळाडूचे वजन पुरते ठरत नाही, हे ज्याला कळले तो दोन्ही वेळी जरा सबुरीने बोलेल.

मग या खेळात भाकीत करणेच व्यर्थ की काय? तसे मुळीच नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदींचा अभ्यास केला. उत्तम खेळाडूचा वरचढपणा मुख्यतः लांबून मारलेल्या फटक्यांत असतो, गलीजवळच्या हळुवार टोल्यांत तो त्यामानाने थोडा असतो, असे त्यांनी दाखवून दिले. प्रेक्षकांची समजूत नेमकी उलट होती. कारण शेवटचा टोला डोळ्यांत भरतो. तेव्हा जो खेळाडू गेल्या आठवड्यात जवळच्या टोल्यांच्या जोरावर जिंकला त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. जो लांबचे फटके सातत्याने चांगले मारूनही मागे राहिला त्याच्यावर नजर ठेवावी. मैदानाची लांबी, वाऱ्याचा रोख, कुणाला सकाळची पाळी आली आणि कुणाला दुपारची, याही गोष्टी जाणत्याने पाहाव्यात. अभ्यासाने एखाद्याची आशा शंभरात तीनवरून सहावर जाईल. ती साठावर मात्र कधीच जाणार नाही.

काशीत बसून या गोष्टीचा विचार करताना मला आणखी दोन भाकिते आठवतात. पहिले ग्रहणाचे. गोदाकाठच्या गोलग्रामाहून काशीत आलेल्या घराण्यातल्या कमलाकराने १६५८ साली 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिला. पुण्यात १८२१ साली जन्मलेल्या बापूदेव शास्त्र्यांनी येथील संस्कृत पाठशाळेत गणित आणि ज्योतिष शिकविले व नव्या वेधांशी जुळणारे पंचांग काढले. अशांच्या परंपरेतले गणित आज एवढे पक्के आहे की २२ जुलै २००९ च्या सकाळी काशीच्या घाटांवरून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाचे मिनिट कितीतरी वर्षे आधी ठाऊक होते. सूर्यचंद्रांना एखादा दिवस वाईट जात नाही, हेच त्याचे कारण.

दुसरे भाकीत गंगेच्या पाण्याचे. वाराणसीत धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरतात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. प्रयागराजला नदी फुगली की एकदोन दिवसांत येथील पायऱ्या बुडू लागतात, म्हणून केंद्रीय जल आयोगाला तेवढा अंदाज बऱ्याच विश्वासाने देता येतो. पुढच्या महिन्याचे मात्र कुणी सांगू शकत नाही. ग्रहण, नदी आणि खेळाडू अशा या तीन पायऱ्या आहेत. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर ज्ञान थोडे कमी होत जाते. परंतु आपला आवाज मात्र तितकाच ठाम राहतो, हीच सारी अडचण आहे.

भाकिताची परीक्षा कशी घ्यावी, याचा एक सोपा मार्ग ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली सुचविला. पाऊस पडेल की नाही एवढेच सांगू नये, शंभरात किती शक्यता ते सांगावे. आणि मग प्रत्यक्ष घडलेल्याशी त्याचा ताळा पाहावा. ज्याने 'शंभरात पाच' असे वीस वेळा म्हटले आणि त्यांतले एकच खरे झाले, त्याचे भाकीत चुकले नाही. ते तंतोतंत बरोबर आले. मी आमच्या तरुण मित्राला नावांपुढे असे आकडे लिहावयास सांगितले. पहिल्या दिवशी त्याच्या पाच नावांची बेरीज शंभराच्या वर गेली. आता ती तीसच्या आत असते. "काका, आकडा लिहायला लागलो की हात आखडतो," असे तो म्हणाला. मला ही प्रगतीच वाटते.

मी आकड्याचा आग्रह धरतो त्याला एक कारण आहे. त्याच्याच एका स्नेह्याचा तीन महिन्यांचा पगार अशाच अंदाजांवर पैसे लावता लावता वाहून गेला. त्याला खेळातले कळत नव्हते असे नाही. पुष्कळ कळत होते. पण शंभरात सहाला त्याने साठाचे मोल दिले. कौशल्याच्या स्पर्धा आणि निव्वळ दैवाधीन स्पर्धा यांतला भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली, शब्दकोड्यांच्या बक्षिसांवरून निघालेल्या वादात स्पष्ट केला होता. २०२५ साली संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली ती मात्र कौशल्य आणि दैव असा भेद न करता. कायद्याचा अर्थ लावणे माझे काम नव्हे. परंतु कौशल्य खेळणाऱ्याच्या हातात असते आणि दैव पैज लावणाऱ्याच्या वाट्याला येते, एवढे त्या तरुणांना सांगावेसे वाटते. ज्ञानाचा आनंद वहीत पुरता मिळतो. त्यासाठी पगार गहाण टाकण्याचे कारण नाही.

आम्हा सरकारी माणसांना मात्र पैज टाळता येत नाही. पूर येतो तेव्हा गंगेचे पाणी वरुणेत मागे लोटते आणि तिच्या काठच्या वस्त्या बुडतात. ऑगस्ट २०२५ मध्येही गंगेने धोक्याची पातळी ओलांडली होती. पाणी अजून दाराशी आलेले नसते, आणि लोकांना घर सोडावयास सांगावे लागते. पाणी आले नाही तर लोक म्हणतात, उगाच हलविले. आले आणि हलविले नाही, तर बोलावयास माणसे उरतील की नाही याचीच शंका. अशा वेळी शंभरात तीस शक्यताही पुरेशी असते, कारण एका बाजूला चार दिवसांची गैरसोय असते आणि दुसऱ्या बाजूला जीव. गोल्फच्या मैदानावर शंभरात तीस म्हणजे फार मोठी आशा; तरीही तिथे दहापैकी सात वेळा निराशाच पदरी पडते. आकडा तोच, पण त्यावरून काय करावयाचे हे कशाची बाजी लागली आहे त्यावर ठरते. म्हणून निर्णय चांगला की वाईट हे केवळ परिणामावरून ठरवू नये. निर्णयाच्या घडीला काय ठाऊक होते आणि काय पणाला लागले होते, हे विचारावे. आपण हे विचारू लागलो तर अधिकाऱ्यांनाही खरे बोलण्याचे धैर्य येईल, आणि 'शक्यता आहे' या दोन शब्दांना कुणी पळवाट म्हणणार नाही.

श्रोतेहो, येत्या रविवारीही कुठेतरी एक खेळाडू शेवटचा चेंडू गलीत टाकील आणि हात उंच करील. तो बहुधा आपण योजलेला नसेल. त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. दीडशे माणसे चार दिवस झटत असताना निकाल आधीच ठरलेला असता, तर त्या झटण्याला काय अर्थ उरला असता? ग्रहणाचे मिनिट आपल्याला ठाऊक असावे; माणसाचे ठाऊक नसावे, यातच त्याच्या प्रयत्नाला जागा आहे.