खुरप्याला पाणी देताना

जालन्यात इंडक्शन भट्टी कुणाला समजावून सांगायला नको. आपल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळते आणि त्याची सळई होते, ती याच भट्टीच्या जोरावर. तिला ज्वाळा नाही. तांब्याच्या पोकळ कॉइलमधून गार पाणी खेळते, कॉइलला वीज दिली की आतल्या लोखंडात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि लोखंड आपल्याच अंगातून तापते. मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवलेल्या तत्त्वावरच हे सारे चालते. मला आज बोलायचे आहे ते मात्र खुरप्याबद्दल, विळ्याबद्दल, छिन्नीबद्दल.

मुले विचारतात, टनावारी लोखंड वितळते, मग खुरप्याला हेच यंत्र का चालत नाही? चालते, पण वीज वेगळ्या वारंवारतेची लागते. मोठ्या भट्टीसारख्या पाचशे हर्ट्झला लालभडक पोलादात प्रवाह साधारण 24 मिलिमीटर खोल शिरतो. खुरप्यासाठी ट्रकच्या पाट्यातून कापलेली पट्टी असते आठ मिलिमीटरची. दोन्ही बाजूंचे प्रवाह मधे एकमेकांना खोडून काढतात आणि पट्टी हवी तशी तापत नाही. एक लाख हर्ट्झला तीच खोली दोन मिलिमीटरच्या आत येते, आणि मग काही सेकंदांत पट्टी लाल होते. साधारण 770 अंशांना लोखंडाला चुंबक धरेनासा होतो. तिथवर पट्टी भराभर तापते आणि मग तिचा तापण्याचा वेग मंदावतो. पोलादाला पाणी द्यायची, म्हणजे तापलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करायची, वेळ याच्या थोडी पुढे असते.

ही वेळ आपल्याकडे लोहारकाम करणाऱ्या घिसाडी बाया नजरेने ओळखतात. अंबडच्या बाजारात मी एका मावशींजवळ बराच वेळ बसलो होतो. घरधनी सांडशी धरायचा, मावशी घण घालायच्या. पाते विस्तवातून निघाले की त्या ते उन्हात बघत नसत. पदराच्या सावलीत धरून रंग बघत. मग फक्त धार पाण्यात. लगेच बाहेर काढून दगडावर घासायची. पाठीकडची ऊब धारेकडे सरकते आणि चकचकीत पोलादावर गवतासारखी पिवळी झाक चढते. ती धारेपर्यंत आली की अख्खे पाते पाण्यात. झाक निळी झाली तर धार मऊ पडली.

मग पाते तापवावे कशाने? गॅसची बत्ती झाळायला उत्तम, पण पातळ धार तिने चटकन जळते. कोळशात कुठलाही आकार तापतो, मात्र भाता जास्त झाला की पोलादातला कार्बन जातो. इंडक्शनला धूर नाही, आच दर वेळी तीच. पण प्रत्येक आकाराला वेगळी कॉइल हवी. एवढ्या भट्ट्या चालवणाऱ्या या गावात विळ्याच्या वाकाची कॉइल कुणी घडवू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. तंत्रनिकेतनातल्या मुलांनो, तांब्याची बारीक नळी घ्या, मावशींचा विळा समोर ठेवा आणि त्याच्या वाकावर ती वळवा. यंत्र कुठे थांबवायचे, ते बटण मात्र मावशींच्या हाताशी असू द्या.