परक्याने शिकविलेली नजर
(दुबई येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या तरुणपणी मुंबईच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी अनुबोधपट दाखवीत. बरेच प्रेक्षक तेवढा वेळ बाहेर चहा पीत. मी मात्र आवर्जून आत बसे. त्या परंपरेच्या पायाशी एक जर्मन गृहस्थ होते, हे मला फार उशिरा कळले.

पॉल झिल्स यांचा जन्म १९१५ सालचा. नाझी अमलाखालील 'उफा' या चित्रसंस्थेत त्यांची उमेदवारी झाली. पुढे ते देश सोडून बालीत राहिले. महायुद्धात डचांनी त्यांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले व हिंदुस्थानातील छावणीत त्यांची रवानगी झाली. १९४५ मध्ये सुटल्यावर ते मुंबईत 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया'त रुजू झाले. त्या संस्थेच्या निर्मितीची धुरा होती एझ्रा मीर यांच्याकडे. ते कलकत्त्यात जन्मलेले, बगदादी यहुदी कुळातले!

'उफा' हे नाव वाचून माझ्या मनात अढी बसली, हे मी लपवीत नाही. ज्यांनी सोसले त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु झालेल्या कामाची नोंद पुसण्याचाही नाही. रुग्णाचे गाव आम्ही परिचारिका नोंदवहीसाठी विचारीत असू, शुश्रूषेसाठी नव्हे.

आणि काम मोठे होते. फली बिलिमोरिया यांच्यासह झिल्स यांनी 'डॉक्युमेंटरी युनिट इंडिया' उभारले, अनुबोधपटांना वाहिलेले नियतकालिक चालविले, आणि सरकारी खात्याबाहेरही ही कला जगू शकते हे दाखवून दिले. निलगिरीच्या तोडा लोकांवरही त्यांनी चित्रपट केला. १९५९ मध्ये ते मायदेशी परतले. बिलिमोरिया मात्र येथेच काम करीत राहिले. त्यांच्या 'द हाउस दॅट आनंदा बिल्ट' या १९६८ च्या अनुबोधपटाला ऑस्करचे नामांकन लाभले.

या देशात आपण व्हिसाच्या मुदतीवर राहतो. "येथे आपले काय उरणार?" असे मुले विचारतात. सुटकेनंतर झिल्स यांचा मुक्काम जेमतेम चौदा वर्षांचा. त्यांच्या शेजारी बसून ज्यांनी काम केले, ते मागे राहिले. आपणही आपल्या हाताखालच्या माणसाला काम नीट शिकवू या. ते उरेल.

शालोम.